पुसायचा आवाज

…गार. मुठीत घट्ट धरली तरी किल्लीचा गारवा जाईना. दाराशी चपला पायात सरकवता सरकवता ती थांबली आणि तळहात उघडून बघू लागली — किल्लीच्या खाचांवर बारीक दव साचलेलं, हाताच्या उबेने आता विरत चाललेलं. रात्रभर ही फ्रीजमध्ये दुधाच्या पातेल्याला टेकून पडली होती. घराच्या किल्लीने फ्रीजमध्ये राहायचं हा नियम तिनेच केलेला, आणि पाहुण्यांना तो सांगताना नवऱ्याला दर वेळी इतकं हसू यायचं की कारण सांगायचं राहूनच जायचं. कारण साधं होतं. आतल्या खोलीत भावोजी, म्हणजे नवऱ्याचा धाकटा भाऊ, गाणी तयार करतात. रेकॉर्डिंगची वेळ आली की स्वयंपाकघरातल्या फ्रीजची घरघर भिंतीतून थेट मायक्रोफोनपर्यंत जाते, म्हणून फ्रीज बंद करायचा. आणि मग गाणं मनासारखं झालं की त्या आनंदात तो पुन्हा चालू करायला हमखास विसरायचं. गाणं जितकं चांगलं, तितकं दूध जास्त नासायचं. तेव्हा तिने ठरवून दिलं — फ्रीज बंद करणाऱ्याने बाहेरच्या दाराची किल्ली आत ठेवायची. घराबाहेर पडणारा किल्लीसाठी फ्रीज उघडेल, आतला दिवा लागला नाही की त्याच्या डोक्यात उजेड पडेल.

आज दिवा लागला होता. म्हणजे फ्रीज चालू करायचं भावोजींच्या लक्षात राहिलं होतं, किल्ली तेवढी आत राहून गेली. एरवी असं होत नसे… पण काल रेकॉर्डिंग संपल्यावर, ती हेडफोन काढत असतानाच, त्यांनी तिला ते विचारलं होतं. 'वहिनी, हे गाणं तुमच्याच आवाजात ठेवू का? या वेळी पुसणार नाही म्हणतो.' आणि ती 'कांदा चिरायचाय' एवढंच बोलून स्वयंपाकघरात निघून गेली होती. कांदा आधीच चिरलेला होता. 'उद्या संध्याकाळपर्यंत सांगा,' मागून आवाज आला होता, अगदी हळू, म्हणजे ऐकू आलं नाही असं दाखवायची सोय ठेवून.

पुसणार नाही… दहा-अकरा वर्षं ती पुसण्यासाठीच गात आली होती. त्यांच्या धंद्यात याला डमी म्हणतात. चाल ठरली, शब्द आले, की खरी गाणारी यायच्या आधी कुणीतरी ते गाणं गाऊन ठेवायचं. त्या आवाजाच्या भोवती भावोजी वाद्यं रचणार, मग खरी गाणारी येणार, तो आवाज कानात ऐकत स्वतःचं गाणं गाणार, आणि तिचं झालं की डमी पुसून टाकायची. शिवताना आधी कच्चा टाका घालतात आणि पक्की शिवण बसली की तो दोरा ओढून काढतात, तसं. काढलेल्या दोऱ्याचं कुणी काही करत नाही. पहिल्यांदा डमी गायली तेव्हा ती कपाटात इस्त्रीचे कपडे टांगायला गेली होती — आतल्या खोलीतलं ते खोल कपाट हीच गाण्याची जागा, कारण कोट आणि रजया आवाज गिळतात — आणि भावोजी म्हणाले होते, 'वहिनी, आत आहातच तर एवढ्या चार ओळी म्हणून टाका ना.' तिने हातात हँगर धरूनच म्हटल्या. तेव्हापासून घरात तिचं हे एक काम ठरूनच गेलं, धोब्याचा हिशेब आणि सासूबाईंचं औषध यांच्यासारखं.

आणि तिला ते आवडायचं, ही गोष्ट मात्र तिने कुणाला कळू दिली नव्हती. पुसलं जाणार म्हणूनच आवडायचं. कपाटाचं दार लावलं, अंधार झाला, की जे काही होईल ते राहणार नाही — मग सूर हलला तरी काय, श्वास ऐकू आला तरी काय! असं मोकळं तिला दुसरीकडे कुठेही वाटत नसे, नवऱ्याजवळही नाही. आता हे राहणार म्हणतात. म्हणजे आजची संध्याकाळ आली की एकतर ते गाणं जाणार, नाहीतर हा मोकळेपणा. दोन्ही ठेवायची काही युक्ती असती तर किती बरं झालं असतं…

ती रस्त्याला लागली तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानाचं शटर वर गेलं. त्या खडखडाटाच्या शेवटी एक गुबगुबीत थाप असते, हे तिला भावोजींनी दाखवून दिलं होतं. नाहीतर जन्मभर शटर म्हणजे खडखडाट एवढंच तिला माहीत असतं. माणसाला चाळिशी आली की डोळ्यांना चष्मा लागतो, तसे तिच्या कानांना भावोजी लागले होते. लग्न होऊन आली तेव्हा हा मुलगा पातेल्यांवर चमचे वाजवून, 'वहिनी, यातलं कुठलं रागावलंय सांगा,' असं विचारायचा, आणि घरातली सगळी माणसं डोक्याला हात लावायची. तिने मात्र पहिल्याच दिवशी बोट दाखवून सांगितलं होतं — हे. बुडाला पोचा आलेलं. त्याने इतकं चमकून तिच्याकडे बघितलं की तिला वाटलं काहीतरी चुकलं.

ती अर्धा दिवस चष्म्याच्या दुकानात काम करायची. गिऱ्हाइकाला उंच खुर्चीवर बसवायचं, जड रिकामी चौकट नाकावर चढवायची, पेटीतून एक एक भिंग काढून तीत सरकवायचं आणि विचारायचं, 'आता बरं दिसतंय, की आधी?' मग पुन्हा भिंग बदलायचं. 'आता? की आधी?' माणसं या प्रश्नाला फार घाबरतात. परीक्षेला बसल्यासारखी कावरीबावरी होतात, चूक उत्तर दिलं तर आंधळं ठरवतील की काय असं त्यांना वाटतं; आणि ती प्रत्येकाला तेच सांगते, इथे बरोबर-चूक काही नाही, तुम्हाला काय वाटतं तेवढंच. हे वाक्यसुद्धा मूळचं भावोजींचं. रोज संध्याकाळी ते तिला आतल्या खोलीत बोलावतात, एकच गाणं दोनदा ऐकवतात आणि विचारतात — पहिलं की दुसरं? काय बदललंय ते सांगत नाहीत. ती सांगते, ते मान डोलावतात, कागदावर टिंब मारतात. का, असं आजवर एकदाही विचारलेलं नाही. वाटतं त्याला कारण विचारलं की माणूस खोटं बोलायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

केवढं ऐकतात… टेबलावरच्या दोन मोठ्या स्पीकरांवर ऐकून झालं की फोनच्या चिमूटभर स्पीकरवर ऐकतात, मग गाणं तसंच चालू ठेवून बाथरूममध्ये जाऊन दार लावतात, मग स्वयंपाकघरात येऊन नळ सोडतात आणि वाहत्या पाण्याच्या आवाजात उभे राहतात, भांडी घासायला आल्यासारखे. 'लोक गाणं असंच ऐकतात, वहिनी. काम करता करता. शेजारच्या खोलीतनं.' तिला तेव्हा आत काहीतरी भरून आलं होतं. जगात इतके लोक इतक्या मोठमोठ्या गोष्टी करतात, पण भांडी घासणाऱ्या बाईला गाण्यातला शेवटचा शब्द ऐकू जावा म्हणून नळाशी जीव टाकणारा माणूस तिने दुसरा बघितलेला नव्हता. नवरा त्यांना 'आमचा कानसेन' म्हणून चिडवायचा. पण हाच नवरा रेकॉर्डिंगच्या वेळी स्वतःच्याच घरात चोरासारखा चवड्यांवर चालायचा आणि आवाज न करता शिंकायची विद्याही शिकला होता. शिंक आली की चेहरा असा काही व्हायचा की बघणाऱ्याला हसू आवरणं कठीण.

समोरच्या खुर्चीवर आता एक बसड्रायव्हर होता. जाडजूड, हसऱ्या डोळ्यांचा. वाचायचं अंधुक झालं म्हणून आलेला. तिने भिंग काढलं, पेटीचं झाकण मिटलं — टिक्. त्या आवाजासरशी तो नकळत गुणगुणायला लागला, आणि तिचा हात होता तिथेच थांबला. तेच गाणं. घरात त्याला सगळे टिकटिकीचं गाणं म्हणतात, कारण त्याचा ताल म्हणजे हीच पेटी. भावोजी एका दुपारी छोटं रेकॉर्डर घेऊन दुकानात आले होते आणि तासभर या पेटीचं झाकण उघडत-मिटत बसले होते. हलकेच, जोरात, बोट मध्ये ठेवून, पेटी पोटाशी धरून. दुकानाच्या मालकांनी तिला बाजूला घेऊन, 'घरी सगळं ठीक ना?' असं विचारलं होतं. मग त्या झाकणाच्या टिकटिकीवर ते गाणं उभं राहिलं. गायली होती एक तरुण मुलगी, गोड, थोडी घाबरट. आणि तिच्या आधी, कपाटात, कोटांच्या मध्ये, अर्थातच ती स्वतः.

'छान आहे गाणं,' ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार!

'रोज लावतो ना,' ड्रायव्हर म्हणाला. 'शेवटची फेरी झाली की बस रिकामी डेपोत न्यावी लागते. एवढी मोठी गाडी अन् आत कुणी नाही. लई उदास वाटतं बघा. हे लावलं की नाही वाटत तसं. का, ते नाही सांगता यायचं.'

'आता बरं दिसतंय, की आधी?' तिने विचारलं.

सांगावंसं वाटलं होतं. ते गाणं ज्या खोलीत झालं तिथे मी रोज केर काढते. त्या खोलीच्या भिंतीला उभी गादी लावलेली आहे, स्पीकरांखाली विटा आहेत आणि विटांना जुना टॉवेल गुंडाळलाय. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, खिडकी बंद, आणि तो माणूस घामाने निथळत एका शब्दाच्या मागे तीन तीन दिवस लागतो… पण सांगितलं असतं तर त्याने विचारलं असतं, मग तुम्ही काय करता? आणि मी म्हटलं असतं, काही नाही, मी गाते, मग ते पुसतात. यात रडण्यासारखं काही नाही, पण ऐकणाऱ्याचा चेहरा उगाचच पडतो. तेव्हा मूग गिळून गप्प बसलेलं बरं. ड्रायव्हर दुसरं भिंग पसंत करून, गुणगुणतच बाहेर पडला.

दुपारी घरी जाताना तिने लांबची वाट धरली. विचार करायला, असं तिने स्वतःला सांगितलं. खरं तर विचार झालेला होता. नाही म्हणायचं. इतकंच की ते कसं म्हणायचं हे ठरत नव्हतं, कारण खरं कारण सांगायचं तर मामांच्या टेपरेकॉर्डरपासून सुरुवात करावी लागली असती, आणि इतक्या जुन्या गोष्टी सांगायला गेलं की माणूस एकतर रडवेला दिसतो किंवा खुळा.

मामांनी नवा टेपरेकॉर्डर आणला होता. ती शाळेत होती. तिला गायला लावलं, टेप केलं, आणि मग रात्री जेवायला बसलेल्या सगळ्या माणसांपुढे ते लावलं. सगळे वाहवा म्हणाले. मावशीने जवळ घेतलं, मामांनी गाल ओढला — कुणी हसलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. हसले असते तर ती चार दिवसांत विसरली असती. पण त्या डबीतून येणारा तो आवाज… तो तिने ऐकला आणि तिला कळून चुकलं. ती मुलगी गात नव्हतीच. ती मागत होती. प्रत्येक ओळीच्या शेवटी सूर किंचित वर उचलून, 'बघा ना, चांगलं आहे ना, मी चांगली आहे ना,' असं दारोदार फिरल्यासारखं… आणि सगळे ते देत होते, वाढत होते, आणि तिच्याखेरीज हे कुणालाच ऐकू येत नव्हतं. तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. कुणापुढे गायचं नाही, आणि स्वतःला तर ऐकायचंच नाही. भावोजींशी पहिल्याच दिवशी तसं ठरलं होतं — मी गाईन, पण मला ते ऐकवायचं नाही, आणि काम झालं की पुसायचं. 'पुसतो,' ते म्हणाले होते. हेडफोनमध्ये तिला फक्त वाद्यं ऐकवायचे, तिचा आवाज नाही. म्हणून तर त्या अंधारात तिला मागावं लागत नसे. मागायला समोर कुणी नसायचं.

रस्त्याच्या कडेला कुणीतरी शिडी ओढत नेत होतं. शिडीचा पाय फरशीवर घासून एक लांब, तक्रारखोर सूर निघाला, आणि तिच्या मनात आपोआप आलं — हे भावोजींना सांगायला हवं. त्यांना असल्या गोष्टी द्यायची तिला सवय लागली होती. इतर बायका दिराला लोकरीचा स्वेटर देतात तशी. तेही घ्यायचे. कुठून सुचतं तुम्हाला, असं एकदा एका पाहुण्याने विचारलं तर ते म्हणाले होते, 'बाबांच्या झोपेतून.' पाहुणा हसला. पण ते खरंच होतं. सासरे लिफ्ट दुरुस्त करायचे, दमून घरी यायचे आणि रेडिओ लावून खुर्चीतच घोरायला लागायचे. आणि कुणी हळूच रेडिओ बंद केला की त्या क्षणी जागे व्हायचे. गाणं चालू असताना ऐकत नसत, थांबलं की ऐकू यायचं. लहानपणी भावोजी हा प्रयोग पुन्हा पुन्हा करायचे आणि पाठीत धपाटे खायचे. त्यातून त्यांनी जे उचललं ते आजवर चालू आहे. गाणं पूर्ण झालं की त्यातली एक एक गोष्ट बंद करून बघायची; बंद केल्यावर चुकल्यासारखं वाटलं तरच ती ठेवायची, नाहीतर कितीही सुंदर असो, काढून टाकायची. केवढ्या मेहनतीने वाजवून घेतलेली सतार त्यांनी एकदा अशी काढून टाकली होती, आणि तिलाच दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. अशा माणसाला 'नाही' म्हणायचं जिवावर येतं. पण म्हणायचं तर होतंच.

आतल्या खोलीत ऊन तिरपं येत होतं. भावोजी गळ्यात टॉवेल टाकून बसले होते, समोर पडद्यावर रंगीत पट्ट्या, एकीखाली एक. प्रत्येक पट्टी म्हणजे एक वाद्य किंवा एक आवाज. तिने दारातूनच सांगून टाकलं.

'मी नाही म्हणते, भावोजी. दुसऱ्या कुणाला तरी घ्या.'

'बरं.'

नुसतं बरं. तिने वाटभर जमवलेली सगळी कारणं तशीच हातात राहिली. जरा आग्रह केला असता तर काय बिघडलं असतं, असंही तिला वाटून गेलं, आणि त्या वाटण्याचा तिला रागच आला.

'मग त्या टिकटिकीवाल्या मुलीला बोलावतो,' ते म्हणाले. 'शेवटचं कडवं राहिलंय. तेवढी डमी द्याल आज?'

'देते की. त्यात काय.'

'त्याआधी जरा हे ऐका. पहिलं की दुसरं, एवढंच.'

ती नेहमीच्या स्टुलावर बसली. टिकटिकीचं गाणं लागलं. जुनंच, कुणीतरी ते पुन्हा मागितलं असेल, असं तिला वाटलं. झाकणाची टिक्, मग ती घाबरट गोड मुलगी… तिने डोळे मिटले. गाणं संपलं, पुन्हा सुरू झालं. तीच टिक्, तीच मुलगी, तोच सूर, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि तरी दुसऱ्या ओळीपाशी तिला डोळे उघडावेसे वाटले. खोलीत बघावंसं वाटलं.

'पहिलं,' ती म्हणाली.

'का?'

तिने चमकून बघितलं. त्यांनी 'का' असं विचारलं होतं.

'दुसऱ्यात सगळं आहे तसंच आहे…' ती शब्द शोधत म्हणाली, 'पण कुणीतरी उठून गेल्यासारखं वाटतं. आत्ता इथे बसलेलं होतं आणि न सांगता गेलं, असं. काय काढलंत?'

भावोजींनी गळ्यातला टॉवेल काढला, त्याची घडी घातली, ती पुन्हा मोडली.

'तुम्हाला,' ते म्हणाले.

तिला कळलं नाही. मग ते सांगू लागले, पडद्याकडे बघत, तिच्याकडे न बघता. या गाण्याच्या वेळी डमीची पट्टी बंद करायची राहून गेली होती. चूक झाली होती, नवशिक्या पोरानेही करू नये अशी. आवाज इतका तळाशी होता की पाठवताना लक्षात आलं नाही. गाणं गेलं, लोकांना आवडलं, इतकं का आवडलं ते त्यांचं त्यांनाही समजेना. पुढे कशासाठी तरी पुन्हा उघडलं तर वहिनींची पट्टी चालू. शरमेने घाईघाईत बंद केली — आणि गाणं खाली बसलं. पुन्हा चालू केली, उठलं.

'आणि त्यानंतर?' तिने विचारलं.

'त्यानंतर चुकून नाही.'

'म्हणजे सगळ्यांत?'

'तुम्ही गायलात त्या सगळ्यांत. अगदी तळाला, वेगळा ऐकू येत नाही. गाणाऱ्यांना विचारून ठेवलाय.'

'गाणाऱ्यांना विचारून,' ती म्हणाली. 'आणि मला?'

'तुम्हाला विचारलं असतं तर पुन्हा गायला नसतात.' त्यांनी टॉवेल बाजूला ठेवला. 'पुसतो म्हणालो आणि पुसलं नाही. ते चुकलंच माझं, वहिनी. काल विचारलं ते म्हणूनच. असं लपवून ठेवणं आता बरं वाटेना.'

गायले नसते. खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच जास्त झोंबलं. तिला उठून जायचं होतं. राग तर आलाच होता, चांगला सणसणीत. ज्या एका माणसापुढे हातचं काही राखलं नाही त्यानेच… पण रागाच्या मागून दुसरंच काही वर येत होतं आणि त्याला काय म्हणायचं ते तिला सुचत नव्हतं. मी डेपोत गेले होते. रोज, शेवटच्या फेरीनंतर, त्या रिकाम्या बसमधून, मला न विचारता. मी लोकांच्या स्वयंपाकघरांत होते, वाहत्या नळाशी. मी कुणाकडे काही मागत नव्हते, आणि तरी त्या जाड्या माणसाला मी तिथे असल्याचं बरं वाटत होतं. आणि आत्ता मी नव्हते तेव्हा — मलाच चुकल्यासारखं वाटलं. मला! माझा आवाज आहे हे माहीत नसताना.

'त्या आवाजाला काही नको असतं,' भावोजी हळूच म्हणाले. 'बाकी सगळ्यांना असतं. मलासुद्धा असतं.'

आता असेल, तिच्या मनात आलं. आता मला माहीत झालं ना. आता तो मागायला लागला तर?

दारात नवरा उभा होता. त्याला कशाचा पत्ता नव्हता. तो आपला भुवया उंचावून, बाहेरच्या खोलीतला पंखा बंद करू का, असं खुणेनेच विचारत होता. तिने सवयीने मान हलवली. पंखा थांबला. कुठेतरी एक खुर्ची सरकली आणि तीही गप्प झाली; सगळं घर तिच्यासाठी शांत झालं, जसं इतकी वर्षं होत आलं होतं, आणि आज पहिल्यांदा तिला ती शांतता स्वतःच्या अंगावर जाणवली.

'आज नको असेल तर नको,' भावोजी म्हणाले. 'खरंच.'

ती उठली, कपाटात गेली आणि आतून दार ओढून घेतलं. कोटांचा, कापसाचा तोच वास. हेडफोन कानांवर घट्ट बसवले. अंधार नेहमीचाच होता, पण आता त्यात माणसं होती. चष्मे लावलेली, न लावलेली, ओळखीचा एकही चेहरा नसलेली, आणि सगळी आपापल्या कामात. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. संगीत सुरू झालं. शेवटच्या कडव्याआधी वाद्यं एकेक करून मागे सरकली, भावोजींनी किती आदबीने ती मागे घेतली होती, आणि मध्ये तिच्यासाठी जागा झाली… ती गायली नाही. तिला ती जागा बघायची होती. मामांच्या घरची ती मुलगी तिथे उभी असेल, सूर उचलून धरलेली, असं तिला वाटलं होतं. पण ती नव्हती. तिथे कुणीच नव्हतं. एक एक ओळ रिकामीच निघून चालली होती, शब्दांशिवाय, सुरांशिवाय, वाट बघून बघून पुढे जावं तशी, आणि ते रिकामेपण तिला ऐकवेना. भावोजींनी संगीत थांबवलं नाही. ते वळसा घेऊन पुन्हा त्याच जागेकडे येऊ लागलं. मला हवंय, तिला वाटलं, मी इथे असायला हवी आहे मला — आणि असं काही हवंसं वाटल्याची जी लाज एव्हाना यायला हवी होती, तिची वाट बघत ती अंधारात उभी राहिली.